कासमचा रविवारचा वर्ग

कासम, तुझ्या जियारतीला मी तुझा मोठा केलेला फोटो घेऊन गेलो. फ्रेमला चंदनाचा हार घातलेला, आणि पिशवीत उदबत्तीचा पुडा.

तिसऱ्या दिवशी घरी माणसं जमतात, कुराणपठण होतं, एवढं मला माहीत होतं. उरलेलं मी डोंबिवलीच्या सवयीने भरून काढलं. आमच्याकडे माणूस गेला की आधी फोटोवाल्याकडे धावतात. नीला निघताना म्हणाली, "अहो, कुणाला तरी विचारून घ्या." मी म्हटलं, "अगं, बी.एड.पासूनची दोस्ती आहे. कासमच्या घरचं मी कुणाला विचारू?" आणि कल्याणला रिक्षातून उतरून, हार नीट दिसेल असा फोटो छातीशी धरून तुमच्या मोहल्ल्यातून चालत निघालो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. मला वाटलं, तुझ्याबद्दलचा आदर.

तुझ्या मुलाने, इरफानने, दारातच फ्रेम माझ्या हातातून घेतली आणि उलटी करून काखेत धरली. "काका, मी आत ठेवतो हं," म्हणाला, इतक्या हळू की मलाच गहिवरून आलं. भाभी इद्दतीत, म्हणजे चार महिने परक्या पुरुषांसमोर येणार नव्हत्या, पण पडद्याआडून त्यांचा आवाज आला. "भाऊजी, ह्यांना हार घातलात? निवृत्तीच्या दिवशी शाळेने हार आणला म्हणून मागच्या दाराने पळालेले हे!" आणि त्या रडता रडता हसल्या. मग आतल्या सगळ्या बायका हसल्या. जमातखान्याचा, तुमच्या समाजाच्या हॉलचा, कारभार बघणारे हाजीसाहेब कोपऱ्यात बसलेले. ते म्हणाले, "पाटकर सर, आमच्यात मयताचा फोटो लावत नाहीत, हार तर दूरच. एवढी वर्षं येताय ना तुम्ही?"

एवढी वर्षं येतोय. आणि एवढी वर्षं मुस्लिम समाजाने काय करायला हवं, हे तुला ऐकवतोय. मध्येच कधीतरी तू म्हणायला हवं होतंस, की शिऱ्या, आधी आमच्या घरात कसं यायचं ते शीक, मग समाज बघू. नाही म्हणालास. मी चुकत असताना तू मला कधीच सावरलं नाहीस. ही माझी तुझ्यावरची जुनी तक्रार, आणि आता ती घेऊन जायला पत्ताच राहिला नाही.

रविवारी सकाळी अजून माझा हात फोनकडे जातो. तुझा फोन म्हणजे ना नमस्कार, ना सलाम. "शिऱ्या, आंघोळ झाली का? भिंग घेऊन ये." कधी भिंग, कधी चुंबक, कधी माझ्या शाळेने टाकून दिलेला तराजू. मी कुरकुरत निघायचो. आता निघायचं नसतं, तर कुरकुर कुणाजवळ करावी ते कळत नाही. नीला म्हणते, "माझ्याजवळ करू नका."

जमातखान्याच्या वरच्या मजल्यावर सकाळी लहान मुलांचा मक्तब भरायचा. पोरं डोलत डोलत कुराणातल्या आयता पाठ करायची. ती चपला अदलाबदल करून घरी गेली की त्याच सतरंज्यांवर तुझा वर्ग. आठवी ते दहावीच्या मुली, आणि विज्ञान. तू उर्दू माध्यमात शिकवत होतास, मी डोंबिवलीत मराठी माध्यमात, आणि दोघांनाही माहीत होतं की दहावीपर्यंत चमकणारी मुलगी अकरावीला इंग्रजीतून चालणाऱ्या सायन्सच्या वर्गात बसली की पहिल्याच आठवड्यात मुकी होते. त्यात तुझ्याकडच्या मुलींना घरून आणखी एक आवाज यायचा, "बस झालं आता."

आपलं पहिलं भांडण जागेवरून. मी म्हटलेलं, "मक्तबाच्या सतरंजीवर कसलं विज्ञान? बाहेर काढ त्यांना. वाचनालयाचा हॉल मागू, मी बोलतो." तू शांतपणे तारेला चुंबक घासत होतास. "हा जिना चढायला मुलीला कुणाची परवानगी लागत नाही. चार वर्षांची असल्यापासून चढतेय. तुझ्या वाचनालयात जायला बापाची लागते, भावाची लागते, आणि गल्लीच्या तोंडावर बसलेल्या रिकामटेकड्यांची वेगळी."

"म्हणजे तडजोड."

"जिन्याला तडजोड म्हणत नाहीत, शिऱ्या. जिना म्हणतात."

मी त्यावर उत्तर शोधत राहिलो. अजून सापडलेलं नाही, आणि मला खात्री आहे की थोडं उत्तर माझ्याही बाजूने आहे. जिथे प्रश्न विचारायची सवयच नाही, तिथे बसून प्रश्न विचारायला शिकता येतं का? हे मला तुला नीट विचारायचं होतं. तू भिंतीकडे बोट दाखवायचास. तिथे मुलींनी तीन लिप्यांत लिहिलेलं असायचं, अपवर्तन, इनइताफ, रिफ्रॅक्शन. "किरण पाण्यात शिरला की वाकतो," तू म्हणायचास. "कुठल्या सतरंजीवर बसून बघताय, हे तो विचारत नाही."

वार्षिक कार्यक्रमात तू मला भाषणाला उभं केलंस, तो दिवस आठवतो? आठवत नसेल तर बरं. मी जोरदार तयारी करून गेलेलो. बगदादच्या वेधशाळा, भाषांतरांची घरं, बीजगणित, शल्यक्रिया, सगळं हात हवेत फिरवून सांगितलं. बुजुर्ग मंडळी खूश. टाळ्या मिळताहेत म्हटल्यावर माझा तोल गेला आणि मी शून्याचा शोधसुद्धा अरबांना देऊन टाकला. मागच्या रांगेतून एक हात वर. "सर, शून्य तर इथून तिकडे गेलं ना?" अख्खा हॉल हसला. मी व्यासपीठावरून तुझ्याकडे बघितलं, काहीतरी बोल म्हणून. तू माझ्याकडे बघतच नव्हतास. तू त्या मुलीकडे बघत होतास, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला तेव्हा कुचेष्टा वाटलं.

परतताना खाडीच्या वाऱ्यात उभे होतो. मला वाटलं, शून्यावरून बोलशील. तू बोललास टाळ्यांवरून. "आमच्या लोकांना हेच हवं असतं रे. हजार वर्षांपूर्वी आम्ही किती शहाणे होतो, हे कुणी सांगितलं की छान झोप लागते. तू चांगला माणूस आहेस, म्हणून तू झोपेची गोळी जास्त गोड करून देतोस. आणि तुझ्यासारखे नसतात ते येऊन सांगतात, तुम्ही मागासलेले आहात, सुधारा. त्यानेही कोणी उठत नाही. उलट दार लावून घेतात." मग म्हणालास, "त्या पोरीने प्रश्न विचारला. आज तेवढंच झालं. पुष्कळ झालं."

आणि चंद्राचं. ते तर तू मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होतास, त्यामुळे आता माझीही सांगायची पाळी.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत तू मुलींना कामाला लावायचास. सूर्य कुठे मावळेल, कोर त्याच्या किती वर असेल, किती वेळ दिसेल, सगळं आकडेमोड करून काढायचं आणि मग संध्याकाळी जमातखान्याच्या गच्चीवर जाऊन पडताळायचं. मी वाद घालायचो. "गणिताने कळतं तर गच्चीवर कशाला? छापील कॅलेंडर लावा भिंतीवर, विषय संपला." तू म्हणायचास, "कॅलेंडर लावलं की दुसऱ्या कुणीतरी केलेला हिशेब मानायचा. आत्ता दुसऱ्या कुणीतरी बघितलेला चंद्र मानतात. फरक काय? स्वतः हिशेब करायचा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. हे एकदा ज्या मुलीने केलं, तिला पुढे आयुष्यात कोणी काहीही सांगो, ती आधी गच्चीवर जाईल."

त्या वर्षी ढग होते. खाली गल्लीत माणसं मान वर करून उभी. मी माझी दुर्बीण घेऊन आलेलो, तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, सगळ्यात पुढे. ढग जरा फाटले आणि खाडीपलीकडे मला स्वच्छ कोर दिसली. मी ओरडलो, "चंद्र! चंद्र दिसला!" खालून कोणीतरी उचलून धरलं, "पाटकर सरांनी बघितला!" एक जण मिठाईच्या दुकानाकडे धावलादेखील.

तेव्हा तुझ्या वर्गातली रेहाना, नववीतली, दोन वेण्या, माझ्या कोपराजवळ उभी होती. तिने एकदा पश्चिमेकडे बघितलं, एकदा हातातल्या कागदाकडे. "सर, सूर्य आत्ताच खाली गेला. म्हणजे उजेडाची बाजू खाली पाहिजे आणि टोकं वर. हा तर उभा आहे." मग जरा थांबून, "आणि हिरवा पण आहे."

पलीकडच्या बिर्याणीच्या हॉटेलने नवीन पाटी लावलेली.

हाजीसाहेब जिन्यातून वर आले ते श्वास लागलेले. "पाटकर सर, तुमची एकट्याची ईद उद्या करून घ्या. आमची परवा." पोरी गच्चीवर लोळायच्या बाकी होत्या. आणि तू? तू शेजारीच होतास. पाटी तुलाही दिसलेली असणार. मी ओरडायच्या आधी माझं तोंड दाबता आलं असतं. तू खिशात हात घालून उभा होतास. नंतर मी चिडून विचारलं, "तू मला अडवलं का नाहीस?" तू इतकंच म्हणालास, "तुला नाही कळायचं." वर भाभींनी केलेली तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे सरकवलीस, म्हणजे विषय बंद.

तुला डोंबिवलीत माझ्या शेजारी फ्लॅट घ्यायचा होता, तेव्हा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एकटा भांडलो. हरलो. पण बोललो मात्र असा की विचारू नकोस, आणि तसंच तुला येऊन सांगितलं, संविधानापासून शेजारधर्मापर्यंत. तू सगळं ऐकून घेतलंस. "छान. मग घर मिळालं?" मी म्हटलं, नाही. "मग चहा घे," म्हणालास. तुझ्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आमच्या मजल्यावरचा तो फ्लॅट पुढे एका भल्या कुटुंबाने घेतला, त्यांच्याशी माझं चांगलं आहे, पण लिफ्टमधून बाहेर पडताना अजून मी त्या दाराकडे बघतो. तू तिथे राहायला असतास तर आपण म्हातारपणी रोज भांडलो असतो. केवढी भांडणं वाया गेली.

शेवटचं भांडण ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये. तुझ्या नाकात नळी, तरी तू सुरूच. मी म्हटलेलं की आता काळजी नाही, कितीतरी मुस्लिम देशांत विद्यापीठं मुलींनी भरलीत, आपल्याकडेही डॉक्टर होताहेत, इंजिनिअर होताहेत, बदल आलाच म्हणायचा. तू हाताने थांबवलंस. "डिग्री मिळते. मग ती डिग्री लग्नाच्या बायोडेटात जाते. मुलगी इंजिनिअर झाली म्हणून समाज हलत नाही. ती घरात, मोठ्यांसमोर, न घाबरता आणि न ओरडता 'हे चुकतंय' म्हणाली की हलतो. ते कुठल्या अभ्यासक्रमात आहे, सांग." मग दम लागला तुला. सावकाश म्हणालास, "तुमच्याकडेही नाही हं. तुझी सून बोलते का तुला?" मी म्हटलं, "ती एकटीच बोलते. बाकीच्यांना संधीच मिळत नाही." तू हसलास, आणि त्या हसण्याने यंत्राचा आवाज बदलला म्हणून नर्स धावत आली.

नंतर तू म्हणालास, "वर्गाचं ते... रेहानाला मी सांगितलंय, पण तुलाही..." आणि मी म्हटलं, "ते घरी आल्यावर बोलू रे," आणि माजिवड्याच्या चौकात माझी रिक्षा कशी अडकली, रिक्षावाल्याने मलाच उतरून वाहतूक सुरळीत करायला कसं लावलं, ती गोष्ट लावली. तुला हसवायला. तू हसलासही. तुझं वाक्य अर्धं राहिलं. माझी गोष्ट मात्र पूर्ण झाली. माझ्या गोष्टी नेहमी पूर्ण होतात.

काल जमातखान्यात तुझा चाळिसावा झाला.

ह्या वेळी मी काही नेलं नाही. रिकाम्या हाताने गेलो, इरफानने माझे दोन्ही हात तपासल्यासारखे बघितले आणि मिठी मारली. फातेहा झाला, जेवणं झाली. बायका खालच्या खोलीत, पुरुष वर, जिथे तुझा वर्ग भरायचा तिथेच. भिंतीवर तीन लिप्यांतलं अपवर्तन अजून आहे. तू गेल्यापासून वर्ग भरलेला नव्हता, आणि हाजीसाहेबांनी तोच विषय काढला.

त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं, कासम. म्हणूनच मला भीती वाटली. "कासम सरांच्या शब्दावर आया पोरी पाठवत होत्या," ते म्हणाले. "तो शब्द गेला. उद्या काही बरंवाईट झालं तर उत्तर कोण देणार? आपण इथे शिवणाचा क्लास करू. दोन मशिनं मिळताहेत. पोरींच्या हाताला कामही लागेल." माना हलल्या. आणखी दोन मिनिटं अशीच गेली असती तर तुझा वर्ग तुझ्याच चाळिसाव्याला, तुझ्याच सतरंजीवर, अगदी प्रेमाने बंद झाला असता.

मग अर्थातच मी उठलो. समाज, प्रगती, विसावं शतक, एकविसावं शतक, सगळं सांगितलं. बगदादही आलं मध्ये. माझ्या लक्षात आलं की खोलीतल्या माना हळूहळू शिवणकामाच्या बाजूने पक्क्या होताहेत. हाजीसाहेब म्हणाले, "पाटकर सर, तुमचं बरोबर आहे. पण तुम्ही आत्ता डोंबिवलीला जाल. आम्हाला इथे राहायचंय." मी बसलो.

जिन्याच्या दारात रेहाना उभी होती. आता टिटवाळ्याला राहते, तिथे जवळच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. हाजीसाहेब तिचे सख्खे मामू. ती आत आली नाही, उंबऱ्यावरूनच बोलली, आवाज न चढवता.

"मामू, तुमचं चुकतंय."

सरबताचा ग्लास कोणीतरी खाली ठेवला.

"सरांच्या शब्दावर पाठवत होत्या, ते सुरुवातीला. आता खाली ज्या आया बसल्यात ना, त्यांतल्या कितीतरी ह्याच सतरंजीवर शिकल्यात. मी पण. त्यांना विचारलंत का? शब्द पाहिजे असेल तर त्यांचा घ्या. आणि उत्तर द्यायला मी आहे. दर रविवारी येईन."

"तू टिटवाळ्याहून येणार?"

"ईदला येते तशी."

हाजीसाहेब उठले. मग दाराशी जाऊन त्यांनी जिन्यातून खाली हाक दिली. "काय गं, वर्ग बंद करून शिवण काढतोय, चालेल का?" खालून भांड्यांचा आवाज थांबला. मग एक खणखणीत आवाज वर आला, "बंद केलात तर आमची पोरगी रविवारी घरात बसून माझ्या चुका काढेल! तिला इथेच पाठवणार मी!" आणि मागून आणखी दोघीतिघी एकदम. हाजीसाहेबांनी टोपी नीट केली. "शिवणाची मशिनं मागच्या खोलीत ठेवा," ते म्हणाले. "आणि ह्या रविवारपासून वर्ग." मग भाचीकडे न बघता, "मला चुकतंय म्हणाली. भर माणसांत." पण कासम, त्यांच्या आवाजात जे होतं ते तू ऐकायला हवं होतंस. मी अख्खा दिवस तेच म्हणतोय, तू ऐकायला हवं होतंस.

जिना उतरताना मी रेहानाला गाठलं. म्हटलं, "पोरी, कमाल केलीस. मामूंसमोर असं बोलायला तू शिकलीस कुठे?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं, जणू मी पुन्हा काहीतरी हिरवं बघितलं. "कुठे म्हणजे? तुमच्यावर, सर."

मला कळेना.

"घरी अब्बांना, मामूंना चुकलं म्हणायची सोय नव्हती. तुम्ही मोठे, पुरुषमाणूस, वर सर. आणि रागवायचा नाहीत. तुम्ही यायच्या आधी कासम सर आम्हाला सांगायचे, आज पाटकर सर येताहेत, ते कुठेतरी चुकणारच, जी पहिली उठून सांगेल ती खरी. पहिल्यांदा सांगताना भीती वाटली. नंतर सवय झाली."

मी कठडा धरला. तर हे होतं. शून्याच्या वेळी तू का गप्प बसलास, गच्चीवर तुझे हात खिशात का होते, मला नाही कळायचं म्हणजे काय नाही कळायचं. इतकी वर्षं मला वाटत आलं की मी तुझ्या वर्गाला शिकवायला जातो. त्या क्षणी तू समोर हवा होतास. तुला आधी चार शिव्या दिल्या असत्या, मग काय केलं असतं माहीत नाही. तुझ्या शेजारी खाडीच्या वाऱ्यात नुसता उभा राहिलो असतो. तू माझा जो उपयोग केलास तो मी स्वतःचा आयुष्यात करू शकलो नसतो, दोस्ता. एवढं तरी मला तोंडावर सांगू द्यायचं होतंस.

डोळे पुसून मी जरा ताठ झालो. म्हटलं, "रेहाना, रविवारी मी येतो. आणि ह्यापुढे नीट तयारी करून येत जाईन."

"करा ना सर," ती चप्पल पायात सरकवत म्हणाली. "काही फरक पडत नाही."